दव वाळेपर्यंतची शाळा

कार्तिक सरत आला की आमच्या चिखली रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या होतात. कापसानं गच्च भरलेल्या ट्रॉल्या त्यांच्या अंगाला घासून जातात आणि काट्यांत पुंजके अडकून राहतात. यंदाही राहिलेत. परवा सकाळी फाटक उघडायला गेले तर एक पुंजका उडत उडत आमच्या तुळशीपर्यंत आला होता आणि दवानं भिजून जड होऊन पडला होता. मी तो उचलून चिमटीत दाबला. बोटांना पाणी लागलं. मी मोठ्यानं म्हणाले, "अजून तासभर आहे." घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर म्हातारीला काय झालं असं वाटलं असतं.

शेजारी एक तरुण शिक्षिका राहते. ती गेल्या आठवड्यात कसल्याशा प्रशिक्षणाहून आली ती हातात एक जाडजूड पुस्तिका घेऊन. आठवी-नववीच्या मुलांना स्वतःवर ताबा ठेवायला कसं शिकवायचं, राग, भीती, लाज यांची ओळख कशी करून द्यायची, असं सगळं त्यात आहे. रंगीत चित्रंही आहेत. "मावशी, तुम्ही बत्तीस वर्षं शिकवलंत. तुमच्या लहानपणी असलं काही होतं का हो?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "होतं. कापसाच्या गोडाऊनमध्ये होतं." ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

आमचं गाव उंद्रीहून दोन कोस आत. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. सातवीनंतर शिकायचं तर चिखली गाठावी लागे. मुलं चिखली गाठत, मुली चूल. मग गावातल्या चार जाणत्या माणसांनी संस्था काढली, एका साली आठवी आणि पुढच्या साली नववी सुरू केली. इमारत म्हणून मिळालं ते पाटलांचं पत्र्याचं गोडाऊन. मधे कमरेएवढ्या तट्ट्याचा आडोसा, अलीकडे नववी, पलीकडे आठवी. दोन्हीकडचे मिळून आम्ही एकतीस जण, त्यांत मुली तीन. वर्षानुवर्षांचा कापूस त्या भिंतींच्या फटींत मुरलेला होता. वारा सुटला की पत्रा वाजे आणि वरून एखादा तंतू तरंगत तरंगत भूमितीच्या वहीवर उतरे. जमिनीला सरकीचा तेलकट वास होता. आजही कुणी प्रमेय म्हटलं की माझ्या नाकात आधी सरकी येते.

त्या दुसऱ्या साली शिक्षक दोन होते. हेडमास्तर दिवाळीला गावी गेले ते परत आलेच नाहीत, त्यांना शहरात नोकरी लागली असं मागाहून कळलं. राहिले गावंडे सर. ते त्याच साली आलेले, लोणारकडचे, सुलतानपूरच्या बाजूचे. उंच, सावळे, चालताना खांदे किंचित पुढे झुकलेले. आम्ही 'मले' म्हणायचो, ते 'मला' म्हणायचे, आणि पहिले आठ दिवस आम्ही शाळा सुटल्यावर त्यांच्या त्या 'मला'ची नक्कल करत घरी जायचो.

त्यांच्या हातात छडी नव्हती. हे आम्हाला विचित्रच वाटलं. माझ्या वर्गात पाटलांचा दिगंबर होता. आमच्यात सगळ्यांत दांडगा आणि संतापला की दिसेल ते भिरकावणारा. त्यानं तिसऱ्याच दिवशी विचारलं, "सर, तुमी मारत काऊन नाई?"

सरांनी खडू खाली ठेवला. "मारायचो," ते म्हणाले. "आधीच्या शाळेत एका मुलाच्या कानशिलात दिली. पाढा चुकला होता, एवढंच. त्याच्या कानातून रक्त आलं. त्या कानानं त्याला पुढं नीट ऐकू आलं नाही." सरांनी हातावरचा खडू झटकला. "मला गणित येतं. पण राग आला म्हणजे काय करायचं ते येत नव्हतं. ते आता शिकतोय. तुमच्यासंगंच शिकू म्हणतो."

मोठं माणूस आपली चूक पोरांपुढे अशी मांडतं, हे आम्ही त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांची नक्कल आपोआप थांबली.

त्यांनी हजेरीची रीतच बदलली. नुसतं 'हजर' म्हणायचं नाही. हजर, आणि आत्ता मनात काय आहे ते एका शब्दात. पहिल्या दिवशी नुसता हशा. "हजर, भूक." "हजर, झोप." "हजर, ठेचा." सर सगळं ऐकून घेत. भूकही खरीच असते, म्हणत. पण आठ-पंधरा दिवसांत शब्द बदलायला लागले. एका मुलाची आई माहेरी निघून गेली होती, तो म्हणाला, "हजर, भेव." त्या दिवशी कुणी हसलं नाही. 'राग' म्हणणाऱ्याला सर बाहेर विहिरीवर पाठवत. शाळेचा रांजण भरायचा आणि मग आत यायचं. ही शिक्षा नव्हती. "रागाला काम द्या," ते म्हणत. "नुसतं बसवून ठेवलं की तो शेजाऱ्याला चावतो." दिगंबरच्या कृपेनं त्या साली आमचा रांजण कधी कोरडा पडला नाही.

दुसरी गोष्ट वहीची. रोज सकाळी एक ओळ लिहायची, आज मी अमुक करीन. संध्याकाळी तिच्याखाली लिहायचं, केलं किंवा नाही केलं. ही वही सर कधी तपासत नसत. आठवीत मळेवाल्यांची वच्छी होती, सगळ्यांत लहान, चिमणीच्या आवाजाची. तिनं विचारलं, "सर, मंग आमी खोटं लिवलं तं?"

"लिही की. वही तुझी, वाचणारी तूच."

वच्छीनं दोन दिवस खोटं लिहिलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही ओळी खोडून 'नाही केलं' असं लिहिलं आणि ते पान मला आणून दाखवलं, जणू परीक्षेत पहिली आली होती.

माझं नाव मथुरा. मी रोज म्हणायची, "हजर, कायी नाई."

आदल्या सालच्या ज्येष्ठात माझ्या अक्काचं लग्न झालं होतं. सोळा वर्षांची अक्का सातवीत पहिली आलेली होती, आणि गावात आठवी निघायच्या दोन महिने आधी बाबांनी तिला खामगावकडे देऊन टाकलं. मला कुणी सांगितलं नाही. घरात पाहुणे आले तेव्हा कळलं. तेव्हापासून मी बाबांशी बोलत नव्हते. पाण्याचा तांब्या समोर ठेवायचा, भाकर वाढायची, शब्द काढायचा नाही. आईला वाटे, पोरगी शहाणी झाली, मान खाली घालून राहते.

एका सकाळी सर हजेरीपटावरून मान वर न करता म्हणाले, "मथुरा, 'काही नाही' हा शब्द तू फार जपून वापरतेस. त्याच्या खाली काहीतरी झाकलेलं असणार." मला त्यांचाही राग आला. दोन दिवस मी तेच म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी 'हजर' म्हटलं आणि ठरलेला शब्द म्हटलाच नाही. सरांनी हजेरीपटावरून मान वर केली. मी म्हणाले, "अक्का."

एवढंच. रडले नाही. पण त्या दुपारी भाकर पोटभर खाल्ली, हे मला लख्ख आठवतं.

मार्गशीर्ष लागला. कपाशी भरभरून फुटली. वावरं अशी दिसत की वर पाहावं की खाली कळू नये. आणि नेमका तेव्हाच सरांना ताप भरला. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, असं वैद्यांनी सांगितलं. बैलगाडीत कडबा पसरून, त्यावर गोधडी टाकून त्यांना खामगावच्या दवाखान्यात नेलं. गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत आम्ही एकतीस जण मागे चालत होतो. त्याच आठवड्यात संस्थेला पत्र आलं. शाळेच्या मान्यतेसाठी शिक्षणखात्याचे डिप्टीसाहेब या महिन्यात केव्हाही येतील, शाळा चालू असलेली आढळली पाहिजे.

संस्थेचे अध्यक्ष पाटीलच, म्हणजे दिगंबरचे वडील. त्यांनी गोडाऊनच्या दारात चार माणसं जमवली आणि निकाल देऊन टाकला. "मास्तरच नाई तं शाळा कशाची? बंद ठिवा. पोट्टे वावरात येतीन. कापूस फुटून राह्यला, मजूर भेटून नाई राह्यला."

"अन् साहेब आला तं?" कुणीतरी विचारलं.

"आला तं पाहू."

काय पाहायचं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. वर्ग जाणार. मुलं चिखलीला बोर्डिंगात राहतील. आणि आम्ही तिघी? माझ्या आईनं मला आठवडाभर आधीच एक लुगडं नेसवून पाहिलं होतं.

दिगंबर बापासमोर उभा होता. त्याचा चेहरा लालबुंद झाला, मुठी वळल्या. आम्हाला वाटलं, आता हा दाराला लाथ घालणार. तो वळला आणि विहिरीकडे गेला. रहाटाचा आवाज आला. एक बादली. दुसरी. तिसरी. मोठी माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. हे काय चाललंय ते त्यांना कळेना. आम्हाला कळत होतं. आम्ही बादल्या मोजत होतो.

तो परत आला तेव्हा त्याचे हात ओले होते आणि आवाज शांत होता. "बाबा, कुंजी मले द्या. शाळा आमी चालवतो."

"तुमी?" पाटील हसलेच.

"हाव. सरांनं सालभराचं सारं लिवून ठिवलं हाये. नववीचे आठवीले शिकवतीन."

"अन् भांडले तं?"

"तं लावा कुलूप."

पाटलांनी पोराकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या पोरानं काही न फोडता त्यांच्याकडे काही मागितल्याचं त्यांना आठवत नसावं. त्यांनी कमरेची कुंजी सोडून त्याच्या हातावर ठेवली.

कुंजी मिळाली, पण मुलं कुठून मिळणार? शाळा अकराची, आणि कापूस वेचायची वेळही तीच. घरोघरी हात हवे होते. माझ्याही घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकर घेऊन वावरात गेले. बाबा कमरेला फडकं बांधून धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभे होते. धुकं अजून उतरायचं होतं. मी भाकर खाली ठेवली आणि म्हणाले, "बाबा."

दीड वर्षानं. ते जागच्या जागी थांबले.

"मले तुमचा राग आला होता," मी म्हणाले. "अक्काचं मले सांगतलं नाई म्हनून. अजून बी येते."

बाबांनी भाकर उचलून बांधावर नीट ठेवली. मग म्हणाले, "मंग बोलाचं ना, माय. मले वाटे, तू बोलनंच इसरली." त्यांनी डोळे पुसले नाहीत, डोक्याचा रुमाल सोडून परत बांधला. "आता काय पाह्यजे?"

"शाळा."

त्यांनी हात लांब करून एका बोंडातला कापूस ओढला आणि माझ्यासमोर मुठीत दाबला. बोटांमधून पाणी ओघळलं. "हे पाह्य. दव हाये. असा ओला येचला तं व्यापारी हात लावून परत करते. साडेधापरेंत कापसाले हात लावता येत नाई, आमी नुसते बसूनच राह्यतो. तोवर बसा ना तुमी शाळेत. दव वाळलं का या वावरात."

एवढी साधी गोष्ट. सगळ्या गावाला ठाऊक असलेली, आणि कुणाला न सुचलेली. मी धावत निघाले ती थेट गोडाऊनपर्यंत. त्या संध्याकाळी आम्ही तिघी मुली आणि दिगंबर घरोघरी फिरलो. एकाही घरातून नकार आला नाही. दवाविरुद्ध कोण काय बोलणार?

अशी ती शाळा सुरू झाली. उजाडताच गल्लीगल्लीतून घोंगड्या निघत. घोंगडीत दप्तर, दप्तरात रात्रीची भाकर, तोंडातून वाफा. गोडाऊनचा पत्रा आतून घामेजलेला असे आणि टपटप थेंब पडत. त्या थेंबांच्या जागा ठाऊक झाल्या होत्या. तिथं कुणी वही ठेवत नसे. गणित दिगंबर शिकवी. मराठी आणि इतिहास माझ्याकडे. अक्षर बरं म्हणून हजेरीपटही माझ्याकडेच. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, ते सगळे मिळून अंधारात भिंत चाचपावी तसं वाचायचो. घड्याळ नव्हतं. आठवीतला एक पोरगा अधूनमधून शेजारच्या वावरात पाठवायचो. तो एक बोंड दाबून पाही आणि दारातून ओरडे, "अजून तासभर हाये!" आणि शेवटी, "वाळलं! वाळलं!" तीच आमची घंटा.

दुपारी सगळे आपापल्या वावरात. बोटं बोंडांत आणि तोंड अभ्यासात. आमच्या वावरातून मी ओरडायची, "अ अधिक ब, कंसाचा वर्ग?" आणि तीन वावरं पलीकडून कपाशीच्या वरून दिगंबरचा आवाज येई, "अ वर्ग, अधिक दोन अब, अधिक ब वर्ग!" मधल्या वावरातल्या बाया म्हणत, "मायबाई, पोट्टे येडे झाले का काय!" आम्ही खरंच थोडे वेडे झालो होतो. कुणी हाकलत नव्हतं, कुणी राखत नव्हतं, आणि तरी आपण रोज उठून जातोय, या गोष्टीची एक झिंग असते. ती मी पुढं आयुष्यात फार थोड्या वेळा चाखली.

पण सगळं गोडच होतं असं कसं म्हणू? दहाव्या की अकराव्या दिवशी मी पाप केलं. आदल्या दिवशी इंग्रजीच्या धड्यात 'नॉलेज' हा शब्द मी 'क्नोलेज' असा वाचला होता आणि दिगंबर पोट धरधरून हसला होता. ते मी वहीत लिहिलं नाही, हजेरीत सांगितलं नाही. जुन्या सवयीनं झाकून ठेवलं. त्या सकाळी तो उशिरा निघाला. धुक्यातून तो धावत येताना मला दारातून दिसला. आणि त्याला पाहूनच मी घाईघाईनं त्याचं नाव पुकारलं आणि गैरहजेरीची फुली मारली.

तो धापा टाकत आत आला. "मी आलो ना व! हजर लाव."

"वेळेवर येत जा."

"तू कोन लय मोठी मास्तरीन?" त्यानं हजेरीपट ओढला. मी सोडला नाही. कागदाचा एक लांब आवाज झाला आणि पान अर्ध्यावर फाटलं.

साहेब येतील तेव्हा पहिलं मागतील ते हे पुस्तक. सगळ्यांनाच ते कळलं. दिगंबरची मूठ वर गेली होती. माझ्या हातात सरांचा रूळ होता. मी तो टेबलावरून केव्हा उचलला मला आजही सांगता येणार नाही. ज्या गोडाऊनमध्ये कधी छडी आली नाही, तिथं मी लाकडी रूळ उगारून उभी होते. मुलं दोन बाजूंना सरकली. 'होऊ दे बे' असं कुणीतरी कुजबुजलं.

वच्छी तट्ट्यापलीकडून आली. तिनं खाली पडलेला हजेरीपट उचलला, फाटलेलं पान तळव्यानं सारखं केलं, आणि त्या चिमणीच्या आवाजात पहिल्यापासून नावं वाचायला लागली. पहिला मुलगा गोंधळून म्हणाला, "हजर… भेव." दुसरा म्हणाला, "हजर, भेव." तिसराही तेच. एकामागून एक. भेव, भेव, भेव. वीसेक तोंडांतून तो शब्द आला तेव्हा माझा हात आपोआप खाली आला होता.

"दिगंबर."

त्यानं वळलेली मूठ सोडली. मग तो म्हणाला, "हजर. लाज."

"मथुरा."

"हजर," मी म्हणाले. "मी त्याले येतांनी पाह्यलं होतं. पाहूनच गैरहजर लावला. काल हासला म्हनून मी—"

"एकच शब्द," वच्छी कडक आवाजात म्हणाली.

"खोटं," मी म्हणाले.

वच्छीनं मान डोलावून माझी हजेरी लावली. आणि मग दिगंबर आधी हसला, मग मी, आणि मग सगळं गोडाऊन हसायला लागलं.

ज्वारीच्या पिठाची खळ करून आम्ही दोघांनी मिळून पान चिकटवलं. चिकटवल्यावर दिगंबर म्हणाला, "कडेले लिव. काऊन फाटलं ते लिव." मी लिहिलं, 'हे पान आमच्या भांडणात फाटले. चूक दोघांची. दोघांनी मिळून चिकटवले.' खाली दोघांनी सह्या केल्या. त्या दिवशी वावरातून परतताना तो आपल्या बापाकडे गेला आणि झालेलं सगळं सांगून टाकलं. भांडलो तर कुलूप, असा शब्दच होता. पाटील त्याला हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही धुक्यातून चाचपडत गेलो. दाराजवळ गेल्यावर दिसलं, कडी मोकळी होती.

त्यानंतर पाचच दिवसांनी डिप्टीसाहेब आले. उंद्रीला मुक्काम करून, सायकलवर, एकटे. शाळा अकराची हे त्यांच्या कागदावर होतं, म्हणून रिकामी इमारत आधी नीट पाहून घ्यावी अशा बेतानं ते साडेआठलाच पोचले. गळ्याला मफलर, चष्म्यावर धुकं. चष्मा पुसून त्यांनी डोळ्यांना लावला आणि एकतीस पोरांनी भरलेलं गोडाऊन त्यांच्यासमोर आलं. आम्ही उठलो, नमस्कार केला, बसलो.

"शाळा अकराची ना?" त्यांनी विचारलं. बोलणं पुण्याकडचं.

"दव हाये तोवर शाळा, साहेब," मी म्हणाले आणि जीभ चावली. त्यांच्यापुढे आपलं बोलणं फारच खेडवळ वाटलं. पण मग कपाशीचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले.

"तुमचे शिक्षक?"

"दवाखान्यात हायेत. खामगावले."

"मग शाळा कोण चालवतं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दिगंबर उठला. "कोनी नाई चालवत, साहेब. चालूनच राह्यली."

ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी हजेरीपट मागितला. पानं उलटत उलटत ते त्या पानाशी आले, थांबले, पुस्तक जवळ धरून कडेचं वाचलं. "हे कोणी लिहिलं?" आम्ही दोघं उभे राहिलो. "लिहायला कोणी सांगितलं?"

"कोनी नाई."

"पान नव्यानं उतरवून काढता आलं असतं. मला कळलंही नसतं."

"हाव साहेब," दिगंबर म्हणाला. "पन आमाले कळलं असतं ना."

साहेबांनी हजेरीपट मिटून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "हजेरी घ्या. रोज घेता तशी." मी घेतली. "हजर, भेव." "हजर, भेव." साहेबांनी हात वर करून थांबवलं. "कसली भीती रे?" पहिल्या रांगेतला पोरगा म्हणाला, "तुमची." ते इतके मोठ्यानं हसले की पत्र्यावरचे थेंब एकदम पडले असं मला वाटलं. त्यांनी भूमिती विचारली, इतिहास विचारला, आठवीकडून कविता म्हणवून घेतली. मग शेरेबुकात पानभर काहीतरी इंग्रजीत लिहिलं आणि सायकलवर निघून गेले.

इंग्रजी कुणाला वाचता येत होतं! आम्ही ते पान उलटंसुलटं धरून पाहिलं. शेवटी दिगंबरनं शेरेबुक धोतराच्या फडक्यात गुंडाळलं आणि उंद्रीच्या पोस्टमास्तरांकडे पळत सुटला. दव वाळलं, आम्ही वावरात गेलो, पण बोटं चालेनात. सगळं गाव वेचता वेचता उंद्रीच्या वाटेकडे पाहत होतं. दुपार कलली आणि पांढऱ्या कपाशीच्या मधून एक डोकं उड्या मारत येताना दिसलं. "भेटली! मान्यता भेटली बे! शिफारस करतो म्हनून लिवलं हाये! लय चांगलं लिवलं हाये!" वावरावावरांत वाकलेली माणसं सरळ झाली. बायांनी कमरेची फडकी सोडली. माझ्या बाबांनी हातातला कापूस वर उधळला. ज्या माणसानं आयुष्यात एक बोंड वाया घालवलं नव्हतं त्यानं. पाटलांनी त्या संध्याकाळी अख्खी भेली फोडून गूळ वाटला.

पुढं दिगंबर त्याच शाळेत गणित शिकवायला लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. वच्छी नर्स झाली. मला अक्कासारखं जावं लागलं नाही. मॅट्रिक झाले, ट्रेनिंग केलं, बत्तीस वर्षं खडू धरला. छडी कधी घेतली नाही. एकदा मात्र हात उगारला होता. तो मुलगा काय म्हणाला होता ते विसरले, उगारलेला हात विसरले नाही. मी वर्गाला वाचायला लावलं आणि बाहेर जाऊन झाडांना पाणी घातलं. शेजारच्या पोरीला मी हेच सांगितलं. तुझी पुस्तिका चांगली आहे, पण मुलांपुढे आधी तुझी चूक उघडी कर, मग बाकीचं. ती म्हणाली, "मावशी, त्यानं माझा वचक नाही का जाणार?" मी म्हटलं, "जातो. आणि दुसरं काहीतरी येतं." त्याला काय म्हणतात ते मला अजूनही एका शब्दात सांगता येत नाही.

सर आले ते त्याच सालच्या पौषाच्या शेवटी. कुणाला कळवलं नव्हतं. गाडी वेशीतच सोडून, काठीच्या आधारानं ते एकटेच चालत आले. डोक्यावरचे केस गेलेले, अंगातला सदरा दुसऱ्याचा वाटावा असा लोंबणारा. दिगंबर फळ्यावर एक लांबलचक समीकरण सोडवत होता. पाठ दाराकडे. आम्हा सगळ्यांना सर दिसले. तीस काळजं एकदम उडाली, पण कुणी जागचं उठलं नाही. सरांनी ओठावर बोट ठेवलं आणि सर्वांत मागे, आठवीच्या मुलांत, जमिनीवर बसले.

दिगंबरला वर्गाच्या शांततेतून काहीतरी जाणवलं. त्यानं मागे वळून पाहिलं. खडू हातात तसाच राहिला. मग तो म्हणाला, "दोन पायऱ्या राह्यल्या. त्या करू." आणि परत फळ्याकडे वळला. अक्षर वाकडं येत होतं, पण त्यानं दोन्ही पायऱ्या पूर्ण केल्या, उत्तराखाली रेघ ओढली, खडू ठेवला, हात झटकले.

आणि मग आम्ही जो गिल्ला केला! तट्टा आडवा झाला, पत्रा दणाणला, गल्लीतली माणसं आग लागली म्हणून धावत आली. सरांना आम्ही उचलूनच घेतलं. ते वरून "हळू, पोरांनो, हळू, खाली ठेवा मला" म्हणत होते, हसत होते, रडत होते. त्या दिवशी आम्ही त्यांचं एक अक्षर ऐकलं नाही.